येत नसेल तर सोड

४ जानेवारी, भोर
मनूच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या करून झाल्या. सगळे विषय एकाच डब्यात. तिकडे मेक्सिकोत विद्यापीठात शिरायचं तर एकच पेपर, त्यात भूमिती, पेशी, मेक्सिकोचा इतिहास, उतारा, सगळंच. म्हणून डबा हलवायचा, हात घालायचा, येईल ती चिठ्ठी सोडवायची. प्रश्न मीच स्पॅनिशमधून लिहिले. अक्षर अजून तसंच, शाळेत स्पॅनिश शिकवणाऱ्या सिस्टर मार्तांनी शनिवारी बसवून गिरवून घेतलेलं. मनू म्हणते, "आजी, तू चर्चमधल्या म्हातारीसारखं स्पॅनिश बोलतेस. तिकडे असं आता कुणीच बोलत नाही."
म्हणू दे. एवढीशी असताना आईबापांबरोबर गेलेलं पोर, आता अभ्यासासाठी का होईना आजीकडे आलं. घरात कुणाच्या तरी चपला वाजतात.
नियम एकच सांगितला, पुण्याला क्लासमध्ये वर्षानुवर्षं सांगत आले तोच. येत नसेल तर सोड. चुकीचं उत्तर कमावलेले गुणही घेऊन जातं.

९ जाने.
सवय लागतेय. आली तेव्हा प्रश्न पुरा वाचायच्या आत उत्तर ठोकायची. आता थांबते, पेन्सिल उचलते, पुढे जाते. शेवंता भांडी घासता घासता म्हणाली, "काय वो बाई, पोरगी किती सोडती! ताटात येवढं टाकलं असतं तर बोलला असता तुमी." मनू खूप हसली. मीही. मनात म्हटलं, शिस्त आली पोरीला.

१३ जाने.
सकाळीच अभयचा फोन, त्याच्याकडे रात्र. "आई, ऑफिसातल्या एकाच्या मुलीने हीच परीक्षा दिली. चुकलं तरी मार्क कापत नाहीत. एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. मनूला सांग. माझ्याशी दोन वाक्यं बोलते आणि ठेवते."
सांगते म्हटलं.
मनू अंगणात तेलाची वाटी घेऊन माझीच वाट बघत होती. मी मागे बसले. तीच बोलली आधी. "आजी, नाही मिळालं ना तिकडे, तर मी इथेच राहणार. पुण्याला कॉलेज, शनिवार-रविवार भोर. चालेल?"
चालेल म्हटलं. वेणी घातली.
उद्या सांगू.

१४ जाने.
संक्रांत. नाही सांगितलं. घरात बायका आल्या होत्या.
बायका संध्याकाळी आल्या. दिवसभर कुणी नव्हतं.

१७ जाने.
आजही नाही. डबा हलवला, तिने चिठ्ठ्या काढल्या, सोडायच्या त्या सोडल्या आणि मी "शाब्बास" म्हटलं.
शाळेच्या चॅपलमध्ये पाद्रींपुढे चुका कबूल करायची लाकडी पेटी होती, जाळीची. ख्रिश्चन मुली आत जाऊन गुडघे टेकायच्या, बाहेर येताना चेहरा हलका. आम्ही बाकीच्या बाहेर चिंचेखाली. तेव्हा हेवा वाटायचा. आज परत वाटला. इतक्या वर्षांनी.

२० जाने., रात्री परत
शेवंताच्या भावाकडे गुंजवण्याला जाऊन आलो. नसरापूरला एस.टी. बदलली, पुढे वेल्ह्याच्या गाडीत मनू खिडकीशी. गाय व्यालेली, खरवस झाला. मनूने वासरू पुसलं, मग एका शेळीचा सुजलेला खूर हातात घेऊन बसली ती उठेचना. शेवंताचा भाऊ म्हणाला, "शिकून हितंच दवाखाना टाक की पोरी. जनावराला डागदर येळंला कुठं घावतोय!"
"आधी अ‍ॅडमिशन मिळू दे मामा."
गुरांची डॉक्टर व्हायचंय हे माहीत होतं मला. पण असं बघितलं नव्हतं. हात कोपरापर्यंत चिखलात आणि चेहरा कसा... तिच्या आईचा बाळंतपणानंतर होता तसा.
निघताना शेवंताने छेडलं, "आज्जीला सोडून जाशील व्हय गं?"
"घेऊन जाणार. आजीशिवाय मला पास कोण करणार?"
सगळे हसले. मी धरणाच्या पाण्याकडे बघत राहिले. काहीतरी डोळ्यात गेलंय म्हटलं.

२४ जाने.
पूर्ण पेपर सोडवायला दिला. अर्ध्याहून जास्त रिकामा. त्यातले कितीतरी तिला येत होते, मागून विचारलं तर उत्तर ओठावर. पण लिहिलं नाही, खात्री नव्हती म्हणून. पेपर तसाच टाकून रडली. "माझ्या डोक्यात काही राहतच नाही."
जवळ घेतलं. तोंडातून गेलं, "असू दे गं. नाही झालं तर नाही."
ती दूर सरकली. "तुलाही वाटतं ना, माझं होणार नाही?"
जेवली नाही. मीही नाही.

२५ जाने.
सांगितलं. चहा उकळत होता, तिच्याकडे पाठ करून. "मनू, तिकडे चुकलं तरी गुण कापत नाहीत. सगळे सोडवायचे. अंदाजाने का होईना."
"कोण म्हणालं?"
"बाबा."
"कधी?"
"काल."
काल म्हटलं मी.
ती मागून येऊन गळ्यात पडली. "मग मी काय वेड्यासारखी रडले! बाबा पण ना. इतक्या उशिरा सांगतात का कुणी?"
माझ्या मुलावर गेलं ते. मी गाळणी शोधत राहिले. गाळणी हातातच होती.

३० जाने.
वाटलं होतं, आता सुटलो. तसं नाही. चिठ्ठी वाचते, पेन्सिल टेकवते, आणि तिथेच. "आजी, हात जात नाही गं." मी ओरडले, "टाक काहीतरी!" दचकली. तिच्यावर याआधी कधी आवाज चढवला नव्हता.
शेवंता ओट्याकडून म्हणाली, "बाई, तुमीच लावलेलं वळण हाय ते. असं एका दिसात जातंय व्हय?"
तिला काही माहीत नाही. सहज बोलली.

४ फेब्रुवारी
मनू गेली. टॅक्सी नसरापूरच्या पुढे हायवेला लागेपर्यंत मी बरोबर, मग उतरले. तिने वाकून नमस्कार केला रस्त्यातच, सगळे बघत होते. तेव्हा तरी सांगायचं होतं. टॅक्सीवाला म्हणाला, "आजी, उशीर होतोय."
परतीच्या गाडीत बायका विचारत होत्या, नात का? कुठं चालली? सांगितलं. "एवढ्या लांब? धाडलीत बरं."
धाडली म्हणे.

१६ फेब्रु.
रात्री तिचा पेपर होता, तिकडे तेव्हा दिवस. फोन उशाला घेऊन झोपले होते. उजाडताना आला.
"आजी, झाला."
"सगळे सोडवलेस?"
"नाही. शेवटी शेवटी वेळ होता, पण... खात्री नव्हती. राहिले थोडे." मग घाईने, "थोडेच गं. निकाल लागला की कळेल."
मी काही तरी म्हटलं. थंडी आहे का, काय खाल्लं.
"आजी, बाबा म्हणतात त्यांनी तुला संक्रांतीच्या आधीच सांगितलं होतं. विसरली होतीस का?"
विसरले म्हटलं असतं तर तिने मानलं असतं. या वयात सगळे मानतात. तीच सोपी वाट काढून देत होती मला.
"नाही मनू. लक्षात होतं."
मागे तिकडच्या रस्त्याचा आवाज, कुणीतरी ओरडून काही विकत होतं. मी तिचं नाव घेतलं. उत्तर नाही. पण फोन ठेवला नव्हता तिने. मीही कानाशी तसाच धरून बसले, बाहेर लख्ख उजाडलं तरी.