कुलूपनाथाबद्दल खुलासा मागण्याबाबत

चि. भाचेबुवांस मामाचे आशीर्वाद.

तब्येत कशी आहे? लिहून लिहून बोटं दुखतात असं मामीकडून कळलं. (मामीला बरंच काही तुझ्याकडून कळतं आणि तुला मामीकडून, त्यावर पुढे येतोच.) इकडे सगळे मजेत, मी सोडून.

बारा वर्षांपूर्वी तू नोकरी सोडून सुपरहिरोची कॉमिक्स लिहायला बसलास, तेव्हा ‘हवेत उडणाऱ्या माणसाच्या जिवावर घर चालत नाही’ असं मी म्हणालो होतो. ते मागे घेतो. आज दातांचा डॉक्टरसुद्धा माझ्या तोंडात हत्यार घालून ‘तुम्ही त्यांचे मामा ना?’ असं विचारतो, आणि मला हो म्हणता येत नाही. पण गेल्या वर्षी तू जो खलनायक आणलास, अख्ख्या शहराला कुलूप ठोकायला निघालेला तो कुलूपनाथ, तो कोण आहे ते सरळ सांग! कुलूप लावलं की तो तीनदा ओढून बघतो. मीही तीनदा ओढतो. तो चहा आधी हुंगतो. मीही हुंगतो. (लोकांचा काय भरवसा?) आणि नायकाला साखळदंडात बांधण्याआधी तो त्याची रजिस्टरमध्ये सही घेतो! अरे, कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकोणतीस वर्षं मी साध्या पान्यासाठी सही मागतोय, हे काय तुझ्या स्वप्नात आलं? (पुढच्या अंकात त्याचा अंत आहे, ही जाहिरातही वाचली. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.)

मी रीतसर तपास केला. तुझ्या चित्रकाराला फोन केला, तर म्हणे मिशी मनाने काढली. डावीकडे जरा कमी, तीही मनाने? मग मामीच्या शिवणाच्या डब्यात तुझे सगळे अंक सापडले, कुलूपनाथाच्या पानापानांत खुणेचे दोरे घातलेले. जाब विचारला तर म्हणते, ‘मी फक्त तुमची खुशाली कळवते.’ दर रविवारी तासभर? माझी एवढी खुशाली मलासुद्धा ठाऊक नाही. वर ठसका लागेपर्यंत हसली.

कारखान्यात तर पार शोभा झालीय. इतकी वर्षं फिटर मंडळी ‘काका, आलोच’ म्हणत पाना उचलून पसार व्हायची. आता दारात थांबून ‘साहेब, आत येऊ का?’ विचारतात. सही करतात, खाली तारीखसुद्धा घालतात. परवा मी नुसती भुवई उचलली, तर एकाने दोन वर्षांपूर्वी हरवलेला स्क्रूड्रायव्हर खिशातून काढून मुकाट्याने टेबलावर ठेवला. खुद्द मॅनेजर माझं पेन सही करून घेऊन गेले, आणि परत द्यायला स्वतः आले. या बदनामीचा लेखी खुलासा उलट टपाली यावा.

तुझा,
मामा

ता. क. – हे पत्र मामीला वाचून दाखवू नकोस.

दुसरा ता. क. – त्या जाहिरातीविषयी. मी रागावून लिहीत नाही, पण एकदम अंत कशाला? तुरुंगात टाक, कावीळ होऊ दे, बायको रुसली म्हणून चार अंक घरी बसव. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. तेवढं निभावून ने रे.

तिसरा ता. क. – नाहीच जमलं, तर अंक कधी येणार ते आधी कळव. मी त्या आठवड्यात रजा टाकतो.