उजेडाकडे तोंड करून

१२ जानेवारी
आवाज गेला! गळ्यातली गाठ काढली, साधी निघाली, देवाचे उपकार. पण तिच्यामागोमाग आवाजही गेला. डॉक्टर म्हणाले, "नस दुखावली आहे. येईल परत. बहुतेक." हे 'बहुतेक' मला मुळीच आवडलं नाही. चर्चमध्ये वर्षानुवर्षं गीताची पहिली ओळ मी उचलते, मग सगळी मंडळी गाते. आता? प्रभूला स्पष्ट सांगितलं, हे काही बरं केलं नाहीस. मनातल्या मनात सांगितलं, पण चांगलं ओरडून!

१९ जानेवारी
औषधांच्या दुकानात पुन्हा कामावर. मी कुजबुजते म्हणून गिऱ्हाइकंही कुजबुजतात. खोकल्याचं औषध विकतेय की चोरीचा माल, कळेना! मालक हसून बेजार. घरी मात्र हसू येत नाही. टीव्हीपुढे यांना माझं काही ऐकू येत नाही, आणि धाकटी लेक मोबाइलमधून मान वर काढत नाही. "काय? काय?" करून दोघं कंटाळतात. मीही.

२३ जानेवारी
गंमतच! घरात माझं बोलणं एकाच माणसाला कळतं, ठार बहिऱ्या सासूबाईंना! त्या ओठ वाचतात. म्हणाल्या, "उजेडाकडे तोंड कर. आणि पुटपुटू नकोस." इतकी वर्षं आमचं बोलणं म्हणजे "जेवलात का?" आणि "गोळी घेतलीत का?" तेही मी ओरडून. आज खिडकीत समोरासमोर बसून तासभर बोललो. विचारलं, चर्चमध्ये तुम्हाला काय ऐकू येतं?
"काही नाही. तुझं तोंड उघडलेलं दिसतं, त्याच्यावर मी गाते."
मला रडूच कोसळलं.

५ फेब्रुवारी
आता रोज सकाळी दोघी खिडकीत प्रार्थनेला बसतो. आळीपाळीनं, मी ओठांनी, त्या मोठ्यानं. ओठ दिसायला हवेत म्हणून डोळे उघडे ठेवून. पाळकसाहेबांना सांगायची सोय नाही! वरच्या मजल्यावरचे बहुधा आमेनही म्हणत असतील.
पूर्वी प्रार्थना करताना मी स्वतःचाच आवाज ऐकत बसायचे. छान लागला की खूश. आता ऐकायला काही नाही, म्हणून देवच समोर उरतो. गळा आहे तसाच आहे आणि मी आनंदात आहे. कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील.

१५ फेब्रुवारी
उपासनेत पहिली ओळ दुसरीनं उचलली. जरा जास्तच वर उचलली. पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात सासूबाईंचं कोपर बसलं, "तोंड उघड ना!" उघडलं. बिनआवाजाचं गायले, शेवटच्या कडव्यापर्यंत. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

४ मार्च
आला! आवाज आला! दुकानात "चिठ्ठी दाखवा" म्हणाले आणि गिऱ्हाईक दचकलं. फाटका, घोगरा, पण माझा! घरी हे नाचायचेच बाकी राहिले. धाकटीनं मोबाइल टाकून मिठी मारली. सासूबाईंनी आमची तोंडं पाहिली, काय ते ओळखलं, आणि ताटावरून उठल्या. "भूक नाही." देवा, आनंदाच्या दिवशी हे काय!

५ मार्च
खिडकीत सासूबाई म्हणाल्या, "प्रार्थना संपली की मी रोज मनात एक मागायचे. तुझा आवाज येऊ नये. आला की तू पुन्हा त्या दोघांशीच बोलशील." आणि मान खाली घातली.
हनुवटी धरून त्यांची मान वर केली. उजेडाकडे तोंड केलं. आणि आवाज न काढता विचारलं, "चला आई, आज आधी कोण?"