एल्कच्या शिकारीची बॅग

यतीन,

तुझे सासरे तुला त्या एल्क हरणांच्या शिकारीला न्यायला येतील तेव्हा मी पार्कात असेन. त्यांना तू डॅड म्हणतोस, ते मला समोर ऐकवत नाही.

बॅग गाइडच्या यादीप्रमाणे भरली आहे. सुती बनियन काढून ठेवले; घामाने भिजले की गारठतात. अंगालगत पातळ लोकरीचा सदरा घाल, त्यावर जाड स्वेटर, वरून वारा अडवणारं जाकीट. मेंढ्यांमागे जन्म गेला माझा, लोकरीचं मीही सांगितलं असतं. तू विचारलंस सासऱ्यांना.

नवे बूट आधी घरी वापर, असं गाइड म्हणाला होता. तू खोक्यातून काढलेही नाहीस. आपलं माप एकच, म्हणून पंधरा दिवस मीच घालून फिरलो. आता चावणार नाहीत. कुणी मऊ केले, ते तुझ्या डॅडना सांग.

आबा