रेनोचं यंदाचं हरीण

क्रिस्टल फॉल्स, मिशिगन
१४ सप्टेंबर १९९६

ति. आयलीताईस, रेनोचा सा. न. वि. वि.

डॉक्टर म्हणाले, दंडाचे स्नायू असेच झिजत जाणार; पुढच्या वर्षी धनुष्य ओढता येणार नाही. म्हणजे शिकारीचा हा हंगाम शेवटचा. धनुष्याचा ताण अगदी खाली आणलाय. शेजारचा वेंडेल म्हणाला, एवढ्या ताणावर तर आमची आजी कपडे वाळत घालते! त्यानंच बाणाला नवी टोकं सुचवली: उडताना मिटलेली, लागताच पाती उघडणारी. जखम चांगली रुंद होते. माझा हात थरथरतो, म्हणून रुंदच बरी वाटतात. तुझं काय मत?

तुझा लोभ आहे म्हणूनच विचारतो,
रेनो

मार्क्वेट, मिशिगन
१९ सप्टेंबर

चि. रेनो यास अनेक आशीर्वाद.

वेंडेलला म्हणावं, आजीलाच ने शिकारीला. अरे, ती पाती उघडायला जोर लागतो आणि तो बाणाच्याच जोरातून जातो. दांडग्या माणसाचं ठीक आहे. तुझा बाण आत शिरणार कसा? सोबत दोन पात्यांची साधी, अरुंद टोकं पाठवते. बाबांच्या पद्धतीनं दगडावर मीच लावलीत. हातावरची लव उडते. ती आरपार जातील. हात थरथरला तर बाण सोडूच नकोस. हट्टी आहेस म्हणून बजावते. वेळेवर जेव.

काळजीत असलेली,
ताई

८ ऑक्टोबर

ति. ताईस सा. न.

तुझी टोकं खणातच राहिली. ती लावणं म्हणजे हात गेला हे कबूल करणं, असं वाटलं. वेंडेलची लावली.

हरिणी देवदारांच्या कडेला आडवी उभी राहिली. हात जराही हलला नाही. बाण खांद्यामागे, हवा तिथेच लागला. पण बोटभर रुतला, लोंबला आणि ती पळताना गळून पडला. दलदलीत रक्ताचा माग विरला. काल ती ओढ्यापलीकडे दिसली, मान खाली घालून उभी. मी आणि वेंडेल पोहोचेपर्यंत गेली.

आपल्या घरात जखमी होऊन हरवलेलं हरीण मारलेलंच धरतात. माझं यंदाचं झालं. परवाना चुलीत घातला.

रागाव, पण लिहीत राहा.
रेनो

१२ ऑक्टोबर

चि. रेनो यास आशीर्वाद.

रागावले आहेच. पण बाबांनी तो नियम पाळला तेव्हा त्यांच्यापुढे कितीतरी हंगाम होते. तुझ्यापुढे हाच आहे. दुसरा परवाना काढ, खणातली टोकं लाव. बाबा असते तर त्यांनीही जा म्हटलं असतं.

एवढं माझं ऐक.
ताई

१७ ऑक्टोबर

ति. ताईस सा. न.

बाबा जा म्हणाले नसते, हे तुलाही ठाऊक आहे. मला पुढचं वर्ष नाही, म्हणून तिचं दुखणं कमी होत नाही. रोज सकाळी रिकाम्या हातानं तिला शोधायला दलदलीत जातो. कावळे जिथे उतरतात तिथे बघतो. आता गुडघ्यापर्यंतच्या चिखलातून पाय काढताना दम लागतो. वेंडेल म्हणतो, सोड रे आता. सोडवत नाही.

तुझा,
रेनो

२१ ऑक्टोबर

चि. रेनो यास आशीर्वाद.

दुसऱ्या परवान्याचा विषय परत काढणार नाही. शनिवारच्या बसनं येते, रबरी बूट घेऊन. ओढ्यापलीकडून सुरुवात करू. मी पुढे चालेन. माझ्या पावलांत पाऊल टाकत ये. तू थकलास की थांबू.

येतेच आहे,
ताई