कॅनडा, आफ्रिका आणि कुंभारी

१ मार्च १९७५
आजपासून रोज पहाटे पाचला उठून लेखन. विषय : ‘कॅनडाचे आफ्रिका धोरण – एक मूल्यमापन’. सोलापुरात या विषयावर माझ्याशिवाय अधिकारी माणूस नाही. एप्रिलात वाचनालयात व्याख्यान ठरलंय.

२ मार्च, सकाळी साडेआठ
आत्ताच उठलो. धाकटा भाऊ ईरप्पा गावाहून, कुंभारीहून, आला. म्हणाला, आण्णा, अव्वानं हातरूण धरलंय, तुमचंच नाव घेती, सारखी ‘मल्लू, मल्लू’ करती, एकदा येऊन जावा की. आईच ती, जाईन. कुंभारी कुठं पळून चाललीय? आफ्रिकेचं तसं नाही.

१६ मार्च, रविवार
कुंभारी रद्द. ऊन. बायको नीलम्मा म्हणाली, सायकलवर तासाभराचा तर रस्ता. बायकांना अंतरातलं काय कळतं! ईरप्पा बाजाराला आला होता, त्याच्याबरोबर अव्वाला चादर पाठवली. जाड, डबल. तो म्हणाला, आण्णा, ह्या उन्हाळ्यात? कृतघ्न.

६ एप्रिल
जबरदस्त निष्कर्ष! कॅनडा लांबून सामान पाठवतो, स्वतः जात नाही, काय हवंय ते विचारत नाही. मग आफ्रिकेनं त्याच्यावर माया का करावी? नीलम्माला वाचून दाखवलं. नुसती माझ्याकडं बघत राहिली. विषय डोक्यावरून गेला बिचारीच्या.

२० एप्रिल, दुपार
गावाकडून माणूस आला. अव्वा गेली. फार वाईट वाटलं. पण संध्याकाळी व्याख्यान, हँडबिलं वाटलेली. नीलम्मा लगेच निघून गेली. मी निरोप दिला, उरकून येतो, थांबा. आम्हा लिंगायतांत बसवून माती देतात, अग्नीसाठी थोरला लागतो असं काही नाही. तरी माझ्यासाठी थांबतीलच.

त्याच दिवशी, सव्वासात
हॉलमध्ये फक्त शिपाई. गल्लीतलं कुणी नाही, मी शिकवतो त्या कॉलेजचा स्टाफ नाही, वाचनालयाचे सेक्रेटरीसुद्धा नाहीत. सोलापूरकरांना जगाचं काही पडलेलं नाही! शिपायालाच प्रास्ताविक ऐकवलं. तो म्हणाला, सर, आवरा की. समदी तुमच्या आईच्या मातीला गेलीती, मलाबी जायाचंय.

२१ एप्रिल
कुंभारी. माती कालच झाली. ईरप्पानं चादर तेवढी आणून हातात दिली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. शेजारच्या केराबाई म्हणाल्या, म्हातारीनं कुणाला हात लावू दिला न्हाय. म्हणायची, मल्लू आल्यावर त्याला हातरायची हाय.
चादर कॅरिअरला बांधून परत आणली. रस्ता तासाभराचाच निघाला.