चार्जरसकट वजन

३ सप्टेंबर, मंगळवार

खांद्याने आज हात टेकले. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचले आणि उजवा हात वरच होईना. शिपाईमामांनी पिशवी उचलून टेबलावर ठेवली. म्हणाले, "बाई, यात दगड भरलेत की काय?"

दगडच. घरी येऊन वजन केलं. साडेसात किलो! श्रवणचाचणीचा डबा, हेडफोनच्या दोन जोड्या, फॉर्मांचा गठ्ठा, पाण्याची बाटली हे सगळं मिळून निम्मं. उरलेलं निम्मं एकट्या लॅपटॉपचं आणि त्याच्या विटेएवढ्या चार्जरचं.

एकवीस वर्षं शाळाशाळांतून मुलांचे कान तपासत फिरतेय. आठवड्यातून चार दिवस बस, जिने, पुन्हा बस. आता खांदा म्हणतो, एकतर तो नाहीतर मी.

हे म्हणाले, "मग नवा घे हलका." जसं काही मी टोपीच बदलतेय!

५ सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टरीणबाईंशी बोलले. आमचं श्रवणतपासणी केंद्र त्या चालवतात, पण आमचं ओझं त्यांनी कधी उचललेलं नाही. आज पिशवी त्यांच्या हातात दिली. त्या एका बाजूला कलल्या. काम झालं!

"सहाही जणांचे लॅपटॉप बदलू," म्हणाल्या. "पण निवड तुमची. तुम्ही म्हणाल तोच सगळ्यांना. महिनाअखेरपर्यंत सांगा."

दुपारभर सल्ले. एकाला पडदा मोठा हवा, एकाला बॅटरी, एकाला दणकट पाहिजे कारण तो हमखास पाडतो. व्यक्ती तितक्या प्रकृती. मी वहीत तीनच गोष्टी लिहिल्या — वजन, बॅटरी, आणि आवाज करणार नाही असा.

७ सप्टेंबर, शनिवार

दुकानात जाताना प्रवासी बॅगा तोलायचा आकडेवाला काटा बरोबर नेला. हे बाहेरच थांबले. लाज वाटली म्हणे.

दुकानातली मुलगी चुणचुणीत. "काकू, हा पांढरा बघा, फक्त एक किलो."

"चार्जरसकट?"

ती खोक्यावर आकडा शोधू लागली. बहुतेक हे तिला आजवर कुणी विचारलं नसावं. मी पिशवीत घालून काट्याला टांगला. सव्वा किलो. मग तिलाच मजा वाटायला लागली. एकेक मशीन काढून देऊ लागली, मी टांगत गेले. बाकीची गिऱ्हाइकं बघत उभी!

शेवटी दोन उरले. पांढरा आणि राखाडी. राखाडी पावणेदोन किलो, चार्जरसकट. त्यात पंखा आहे. पांढऱ्यात पंखाच नाही. मुलगी म्हणाली, "अगदी मुका आहे."

मुका — हेच तर हवंय! शाळेत मला स्वतंत्र खोली कोण देतं? अडगळीची नाहीतर नकाशांची खोली मिळते. तिथे मुलाच्या कानात कुजबुजीपेक्षाही बारीक स्वर सोडायचा आणि विचारायचं, ऐकू आला का? आणि माझा जुना लॅपटॉप शेजारी दमेकऱ्यासारखा धापा टाकतोय.

पांढऱ्याला कान लावला. काही नाही. शांत.

तो दोन आठवडे वापरून बघायला मिळाला. येताना पिशवी मीच उचलली. ह्यांना हात लावू दिला नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

पांढऱ्याचा पहिला दिवस. दोन शाळा, पंचावन्न मुलं. जिना चढताना मध्येच थांबले, वाटलं काहीतरी घरी विसरलं! इतकी हलकी पिशवी.

पडद्यावर खिडकीचा उजेड चमकतो. पाठ फिरवून बसले की भागतं.

१० सप्टेंबर, मंगळवार

चौदा तास बॅटरी म्हणे. साडेसात तासांत मान टाकली. दिसतं तसं नसतं. तरी आवडलाय.

१२ सप्टेंबर, गुरुवार

कालव्याजवळची शाळा. काल रात्री चार्जिंगला लावायचा राहिला, म्हणून आज दिवसभर चार्जर लावूनच काम केलं. सकाळी नेहमीसारखे हेडफोन आधी स्वतःच्या कानाला लावून पाहिले. हा आमचा नियमच आहे. आपण ऐकायचं, मग मुलांना ऐकवायचं. ठीक होतं.

अडतीस मुलं. त्यात सात अडकली! सगळी उंच स्वरांवर, चार हजार आणि सहा हजार हर्ट्झवर. एका शाळेत एखाददुसरं निघतं. सात कधीच नाही. दोन-दोनदा तपासलं. तेच.

एक मुलगा हेडफोन काढून म्हणाला, "बाई, ह्यात डास शिरलाय."

"बरं बरं, डासाकडे नको, बीपकडे लक्ष दे," म्हटलं. मुलं काहीही सांगतात.

सात घरांना पत्रं लिहिली. "आपल्या पाल्याच्या श्रवणात दोष आढळला आहे. पुढील तपासणीसाठी यावे."  हे पत्र उघडणाऱ्या घरात काय होतं ते मला माहीत आहे.

१६ सप्टेंबर, सोमवार

तीन फोन आले. एक वडील भांडले. "आमचा पोरगा पलीकडच्या खोलीतून चॉकलेटचा कागद ऐकतो, आणि तुम्ही म्हणता बहिरा?" मी बहिरा हा शब्द लिहिलाच नव्हता. पण पत्रात तोच वाचला जातो.

एक आई रडली. बाळंतपणात ताप आला होता, त्यामुळे झालं का, माझ्यामुळे झालं का — पुन्हा पुन्हा तेच. मी समजावत राहिले. फोन ठेवल्यावर पाणी प्यायले.

तिसऱ्या घरी मुलीला गाण्याच्या वर्गातून काढलं. दोन दिवसांत!

१८ सप्टेंबर, बुधवार

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

पांढरा एक दिवस पेन्सिलला दिला. माझी सहकारी, सव्वीस वर्षांची. केसांच्या अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून तिला तेच नाव पडलंय. तिलाही हेच मशीन मिळणार, तर तिने वापरून पाहावं म्हणून. निघण्याआधी तिने केंद्रातच जोडणी केली, डबा लॅपटॉपला आणि हेडफोन डब्याला. चार्जर लावला, हेडफोन कानाला लावले. आणि झटकन काढले.

"ताई, हे काय किणकिणतंय?"

"कुठे?"

"ह्यात. बारीक शिट्टी आहे सतत."

मी हेडफोन घेतले. ऐकलं. डावा कान, उजवा कान. काहीच नाही.

"काही नाहीये गं."

तिने चार्जर उपसला. "आता गेली." लावला. "आता आली." पुन्हा उपसला, पुन्हा लावला. दरवेळी तिचा चेहरा बदलत होता. माझ्यासाठी दोन्हीत काडीचा फरक नव्हता.

मग तिने दारातून केंद्रात फॉर्म भरून घेणाऱ्या मुलीला बोलावलं. तिने हेडफोन लावताक्षणी नाक मुरडलं. "ई! डासासारखं."

डास.

मी खुर्चीवर बसले. गुरुवारी दिवसभर चार्जर लावलेला. सकाळी मीच ऐकून पाहिलेलं, मीच ठीक म्हटलेलं. मुलांच्या कानात शिट्टी चालू होती, तिच्याखाली माझे बारीक स्वर बुडून गेले. आणि मी सात पत्रं धाडली!

पेन्सिल माझ्याकडे बघत होती. मग तिने चार्जर काढून गुंडाळून ठेवला. शहाणी आहे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पेन्सिलला म्हटलं, माझी चाचणी घे. काचेच्या खोलीत बसले. दार बंद झालं. हजारो मुलांना या खुर्चीवर बसवलंय. खुर्ची इतकी बुटकी आहे हे आज कळलं.

बटण हातात घेतलं. खालचे स्वर भराभर आले. मग शांतता. बराच वेळ. वाटलं पेन्सिल थांबलीय. काचेतून बघितलं तर तिची बोटं चालू होती. ती स्वर सोडत होती. मला शांतता ऐकू येत होती.

तिने आलेख पुढे ठेवला. दोन हजारपर्यंत सरळ रेघ, मग कड्यावरून उडी मारावी तशी खाली. दोन्ही कान.

"आधीच्या वर्षांचं काय?" एवढंच विचारलं मी.

ती त्यासाठी तयार होती. जुना लॅपटॉप आणून चार्जर लावून ऐकून ठेवला होता तिने. "पंख्याचा आवाज आहे, पण शिट्टी नाही. फक्त पांढऱ्यात आहे, आणि तीही चार्जर लावल्यावर. पांढरा तुम्ही चार्जरवर एकच दिवस वापरलात, ताई."

एकच दिवस. एकच शाळा. तेवढा एक श्वास सुटला.

डब्याची तपासणी दरवर्षी करून घेतो आम्ही. मोहोर लागते. माझी एकवीस वर्षांत एकदाही नाही.

ह्यांना जेवताना सांगितलं. पटकन म्हणाले, "म्हणजे दिव्याखाली अंधार!" मग माझ्याकडे बघितलं आणि हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "दोन वर्षं झाली. दाराची घंटा वाजते, तू उठत नाहीस. मला वाटायचं, कंटाळा करतेस."

बोलला का नाहीत? असं विचारणार होते. नाही विचारलं. मीही कुणाचं ऐकलं असतं थोडंच!

२० सप्टेंबर, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. पत्रांचं आधी, माझं नंतर.

त्यांनी आलेख बघितला, चष्मा काढला. मी म्हटलं, "मला या कामावरून काढा हवं तर."

"सकाळची तपासणी आजपासून दुसऱ्या कुणीतरी करायची. तुम्हीच नाही, सगळ्यांनीच एकमेकांची. बाकी मुलांना सांभाळायला कान लागतात तेवढे तुम्हाला आहेत." मग म्हणाल्या, "मशीन लावून घ्या. श्रवणयंत्र. तुम्हाला उपयोग होईल."

"बघू," म्हटलं.

"तुम्ही पालकांना 'बघू' म्हणू देता का?"

 केस मोकळे सोडले तर यंत्र दिसणार नाही, हा विचार लगेच आला. लाज वाटली त्या विचाराची.

दुपारी सातही घरी स्वतः फोन केले. पेन्सिल करते म्हणाली, नको म्हटलं. "चूक आमच्या यंत्रात होती. कदाचित मुलाला काहीच झालेलं नाही. मंगळवारी पुन्हा तपासते." कागद ऐकणाऱ्या पोराचे वडील दहा मिनिटं बोलले. सगळं ऐकून घेतलं. बरोबरच होतं त्यांचं.

२१ सप्टेंबर, शनिवार

पांढरा परत. दुकानातल्या मुलीने चार्जर लावून स्वतः ऐकलं. चेहरा पडला. "काकू, इतकी मशीनं विकली, हेडफोन लावून कुणी नाही तपासलं."

आता राखाडी आणलाय. यावेळी पेन्सिलला बरोबर नेलं. वजन मी केलं, ऐकायचं काम तिचं. चार्जर लावून, काढून, पंखा चालू ठेवून. शांत मोडवर टाकला की पंखा थांबतो. तिने तीनदा ऐकलं, मग मान हलवली. "स्वच्छ."

तिच्या शब्दावर विश्वास टाकायचा. दुसरा इलाज नाही. विचित्र वाटतं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

कालव्याजवळची शाळा, सात मुलं. पेन्सिल हेडफोन तपासून शेजारी बसून राहिली.

पहिला — सगळे स्वर आले. दुसरी — आले. गाण्याच्या वर्गातून काढलेली, तिने तर माझं बोट बटणावरून उठायच्या आधीच हात वर केला! चौथा, पाचवा, सहावा, सगळे ठीक. प्रत्येकाच्या घरी तिथूनच फोन लावला. रडलेली आई पुन्हा रडली. कागदवाल्या वडिलांनी फोन आपटला.

सातवी दहा वर्षांची, दोन वेण्या. खालचे स्वर आले. दोन हजार आला. चार हजारला हात खालीच राहिला. वाढवला. खालीच. सहा हजार. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी मान हलवते का ते शोधत. ही युक्ती मला ओळखीची आहे, इतके दिवस कळलं नव्हतं की मीही करते.

पेन्सिलने हेडफोन पुन्हा ऐकले. "स्वच्छ आहेत, ताई."

सहा घरांना मी उगाच घाबरवलं. सातव्या घराला आता कुठल्या तोंडाने पुन्हा सांगू?

पण सांगितलं. तिची आई शांतपणे म्हणाली, "यावेळी नक्की ना?" नक्की, म्हटलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

निवडीचा कागद दिला. राखाडी, सहा नग. वजन चार्जरसकट पावणेदोन किलो, बॅटरी नऊ तास टिकली, हेडफोनमध्ये आवाज नाही — तपासणारीचं नाव म्हणून पेन्सिलची सही घेतली. पांढऱ्यापेक्षा अर्धा किलो जड. खांद्याला सांगितलंय, चालवून घे.

डॉक्टरीणबाईंनी मंजुरी दिली. माझ्या यंत्राचा विषय पुन्हा काढला. या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यात बघू, असं म्हणून निघून आले.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

दोन वेण्यांवाली आईबरोबर केंद्रात आली. कानाचं माप घेताना तिने विचारलं, "यंत्र लावल्यावर दुखतं?"

एकवीस वर्षं या प्रश्नाला "अजिबात नाही" म्हणत आले.

"मला माहीत नाही गं," म्हटलं. "सोमवारी मलाही यंत्र बसवतायत. मंगळवारी फोन करून सांगते."

तिने माझ्या कानांकडे नीट बघून घेतलं. म्हणाली, "पण खरं सांगायचं हं."