षटक संपलं की घोषणा

तीर्थरूप आईस लांबूनच वाकून नमस्कार.

मी लाचखोरीविरुद्ध धरण्याला बसले होते, हे दादाने तुला सांगितलंच असेल. काळजी करू नकोस, पोलिसांनी कुणाला हात लावला नाही. घसा तेवढा बसलाय.

बुधवारी आपल्या संघाचा अंतिम सामना. वाटलं, आज परवाना कचेरीसमोर धरण्याला चिटपाखरूही फिरकणार नाही. पण समोरच्या न्हाव्याने दुकानातला टीव्ही रस्त्याकडे वळवला आणि मुंगीला शिरायला जागा उरली नाही. एकमेकांची भाषा न कळणारे मांडीला मांडी लावून बसले. ठरलं असं, की चेंडू पडताना चिडीचूप आणि षटक संपलं की घोषणा. मागच्यांना दिसेना, तेव्हा बंदोबस्तावरचा पोलीसच त्यांना धावा सांगू लागला.

माझ्या शिवणदुकानाचा परवाना अडवून बसलेले साहेबही खाली आले. "सरका, साहेबांना बघू द्या," म्हणत लोकांनी जागा दिली. साहेब रंगले. षटक संपताच न्हावी ओरडला, "लाच खपवून घेणार?" सगळ्यांबरोबर साहेबांचाही हात वर गेला, "नाही!" हसून हसून पुरेवाट झाली. सामनाही जिंकलो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले. साहेबांच्या टेबलाचा खण कायम अर्धा उघडा असतो, तो बंद होता. मान वर न करता त्यांनी सही केली.

तुझे गुडघे कसे आहेत? दवाखान्यात कुणी चहापाण्याला मागितलं, तर बाबांना देऊ देऊ नकोस.

खण किती दिवस बंद राहील, देव जाणे. न्हाव्याने टीव्ही अजून रस्त्याकडेच ठेवलाय.

तुझी घसा बसलेली,
लेक